राष्ट्राध्यक्षीय निवडणूक आणि अनुमोदन मतदान

अनुमोदन मतदान ही एका पदासाठी अनेक उमेदवार असताना वापरता येणारी निवडणूक पद्धती आहे. या पद्धतीत मतदार एकाच उमेदवारासमोर खूण करण्यास बांधलेला नसतो. जे जे उमेदवार त्याला त्या पदासाठी मान्य असतील, त्या सर्वांसमोर तो खूण करू शकतो. प्रत्येक खुणेचे मूल्य एक मत असते. ज्या उमेदवाराच्या नावासमोर सर्वाधिक खुणा आढळतात तो विजयी ठरतो.

राष्ट्राध्यक्षाचे पद एकच असते आणि ते अनेकांत वाटून देता येत नाही. त्यामुळे उमेदवारांची संख्या दहा-पंधरावर गेली की विजेता खरोखर बहुसंख्यांना मान्य आहे, की विरोधकांच्या मतविभागणीमुळे पुढे आला आहे, हा प्रश्न उभा राहतो. अनुमोदन मतदानाचा विचार प्रामुख्याने याच प्रश्नाच्या संदर्भात केला जातो. राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी आज कोणताही देश ही पद्धती वापरत नाही. मात्र फ्रान्समध्ये तिचे प्रयोग झाले असून अमेरिकेच्या काही शहरांत आणि अनेक विद्वत्संस्थांत तिचा प्रत्यक्ष वापर झालेला आहे.

## संज्ञा

इंग्रजीत या पद्धतीला ‘अप्रूव्हल व्होटिंग’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट वेबर यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. मराठीत तिच्यासाठी ‘अनुमोदन मतदान’, ‘मान्यता मतदान’ आणि ‘संमती मतदान’ असे पर्याय संभवतात.

मराठी वाचकाला ‘अनुमोदन’ हा शब्द सभेच्या कामकाजातून परिचित असतो. सूचक ठराव मांडतो आणि अनुमोदक त्याला पाठिंबा देतो. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारी अर्जावरही सूचक व अनुमोदक यांच्या सह्या लागतात. येथे त्या अर्थाने हा शब्द वापरलेला नाही. ‘हा उमेदवार निवडून आला तर मला मान्य आहे’ असा मतदाराने मतपत्रिकेवर दिलेला होकार, एवढाच त्याचा या लेखातील अर्थ आहे.

## कार्यपद्धती

मतपत्रिका नेहमीसारखीच असते. बदलते ती फक्त सूचना. ‘एका उमेदवारासमोर खूण करा’ याऐवजी ‘मान्य असलेल्या सर्व उमेदवारांसमोर खूण करा’ असे तीवर लिहिलेले असते. पद्धतीचे मुख्य नियम पुढीलप्रमाणे आहेत:

* मतदार एक, दोन किंवा कितीही उमेदवारांना अनुमोदन देऊ शकतो.
* एका उमेदवाराला एका मतदाराकडून एकाहून अधिक मते मिळू शकत नाहीत.
* अनुमोदनांना क्रम नसतो. खूण केलेले सर्व उमेदवार त्या मतपत्रिकेवर समान मानले जातात.
* प्रत्येक मतदान केंद्रावर स्वतंत्र मोजणी करून त्या आकड्यांची बेरीज करता येते.

एकूण अनुमोदने मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकतात. त्यामुळे सर्व उमेदवारांच्या टक्केवारीची बेरीज १०० च्या पुढे जाते. येथे टक्केवारी काढताना छेद म्हणून मतपत्रिकांची संख्या घेतली जाते. एखाद्या उमेदवाराला ५७ टक्के अनुमोदन मिळाले याचा अर्थ दर शंभर मतदारांपैकी ५७ जणांना तो मान्य आहे.

### ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व

अनेक खुणा करणाऱ्याला जास्त मते मिळतात, म्हणून ही पद्धती समतेच्या तत्त्वाला बाधक आहे, असा आक्षेप सामान्यतः घेतला जातो. वस्तुतः या पद्धतीत प्रत्येक मतदार प्रत्येक उमेदवाराविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देत असतो. पाच उमेदवार असतील तर प्रत्येकाला पाच प्रश्न विचारलेले असतात. एका मतदाराने फक्त ‘अ’ला अनुमोदन दिले आणि दुसऱ्याने ‘अ’ वगळता उरलेल्या चौघांना दिले, तर दोघांच्या मतांचा परिणाम परस्परांना पूर्णपणे छेदतो. सर्व उमेदवारांसमोर खूण करणाऱ्याच्या मताचा निकालावर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे जास्त खुणा केल्याने मतदाराचा अधिकार वाढत नाही.

## अनेक उमेदवार आणि मतविभागणी

एकच मत देण्याच्या पद्धतीत दोन उमेदवार असतील तर निकालाचा अर्थ स्पष्ट असतो. तिसरा उमेदवार येताच तो कोणाची तरी ‘मते खातो’. समान विचारांचे दोन उमेदवार परस्परांचे नुकसान करतात आणि दोघांनाही न मानणारा तिसरा पुढे जातो. अशा वेळी मतदारही कोंडीत सापडतो. मनापासून आवडणाऱ्याला मत द्यावे, तर ते वाया जाण्याची भीती. निवडून येण्याजोग्याला द्यावे, तर स्वतःचे खरे मत नोंदले जात नाही. पुढील निवडणुका या संदर्भात वारंवार उद्धृत केल्या जातात.

### दक्षिण कोरिया, १९८७

जून १९८७ च्या लोकशाहीवादी जनआंदोलनानंतर दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झाली. लष्करी राजवटीशी संबंधित असलेले रोह ते-वू यांना सुमारे ३६.६ टक्के मते मिळाली. लोकशाहीवादी चळवळीचे दोन्ही नेते, किम यंग-सॅम आणि किम दे-जुंग, स्वतंत्रपणे उभे राहिले. त्यांना अनुक्रमे सुमारे २८ व २७ टक्के मते मिळाली. दोघांची मिळून निम्म्याहून अधिक मते असूनही दोघेही पराभूत झाले. दुसऱ्या फेरीची तरतूद नसल्याने हा निकाल अंतिम ठरला.

### फिलिपाईन्स, १९९२

या निवडणुकीत सात उमेदवार होते. विजयी झालेले फिदेल रामोस यांना २४ टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. म्हणजे चारपैकी तीनहून अधिक मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते. उरलेल्यांपैकी किती जणांना रामोस मान्य होते आणि किती जणांना मुळीच नको होते, हे मतपत्रिकांवरून कळण्याचा मार्ग नव्हता.

### अमेरिका, २०००

फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर अवघ्या ५३७ मतांनी आघाडी घेतली आणि त्या बळावर राष्ट्राध्यक्षपद मिळवले. त्याच राज्यात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते मिळाली होती. पाम बीच काउंटीत मतपत्रिकेच्या गोंधळात टाकणाऱ्या रचनेमुळे १९,००० हून अधिक मतपत्रिकांवर एकाहून जास्त उमेदवारांच्या खुणा झाल्या व त्या बाद ठरल्या. अनुमोदन मतदानात अशा मतपत्रिका बाद होत नाहीत. मात्र चुकून झालेली खूण आणि हेतुपूर्वक दिलेले अनुमोदन यांतील फरक ओळखता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

### फ्रान्स, २००२

फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोन उमेदवारांत दुसरी फेरी होते. मतविभागणीवरचा हा उपाय मानला जातो. २१ एप्रिल २००२ रोजी झालेल्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. त्यांपैकी पहिल्या तिघांचा निकाल असा लागला:

| उमेदवार | मते | टक्केवारी |
|---|---|---|
| ज्याक शिराक | ५६,६५,८५५ | १९.८८ |
| ज्याँ-मारी ल पेन | ४८,०४,७१३ | १६.८६ |
| लिओनेल जोस्पाँ | ४६,१०,११३ | १६.१८ |

तत्कालीन पंतप्रधान जोस्पाँ १,९४,६०० मतांनी मागे पडून स्पर्धेबाहेर गेले. त्यांच्याच मंत्रिमंडळात पूर्वी असलेले ज्याँ-प्येर शव्हेनमाँ यांना १५ लाखांहून अधिक, तर क्रिस्तियान तोबिरा यांना साडेसहा लाखांहून अधिक मते मिळाली होती. हरित व साम्यवादी पक्षांचेही स्वतंत्र उमेदवार होते. ५ मे रोजी झालेल्या दुसऱ्या फेरीत शिराक यांना ८२.२१ टक्के मते मिळाली. जो उमेदवार दोघांच्या सामन्यात १८ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकला नाही, तो १६ जणांच्या सामन्यात दुसरा आला होता. दोन फेऱ्यांची पद्धतीही पहिल्या फेरीतील मतविभागणीपासून मुक्त नसते, हे या निवडणुकीने दाखवून दिले.

## उदाहरण

एका काल्पनिक निवडणुकीत १०० मतदार व अ, ब, क, ड असे चार उमेदवार आहेत. मतदारांचे गट पुढीलप्रमाणे मानू.

| मतदार | पहिली पसंती | मान्य असलेले उमेदवार |
|---|---|---|
| ३४ | अ | अ |
| २५ | ब | ब, क |
| २२ | क | क, ब |
| १९ | ड | ड, क |

प्रत्येकाने एकच मत दिले तर अ ३४, ब २५, क २२, ड १९ असा निकाल लागून ‘अ’ विजयी होतो. ६६ मतदारांना ‘अ’ मान्य नाही, ही गोष्ट निकालात कोठेच दिसत नाही. दोन फेऱ्यांची पद्धती वापरली तर ‘अ’ आणि ‘ब’ दुसऱ्या फेरीत जातात व ‘क’ पहिल्याच फेरीत बाद होतो.

अनुमोदन मतदानात मात्र अ ३४, ब ४७, क ६६, ड १९ अशी मोजणी होते आणि ‘क’ निवडून येतो. तो फारच थोड्यांचा पहिला आवडता आहे, परंतु तीनपैकी दोन मतदारांना मान्य आहे.

आता हेच उदाहरण थोडे बदलून पाहू. ‘ब’च्या २५ समर्थकांनी आपल्या उमेदवाराला धोका नको म्हणून ‘क’समोर खूण केली नाही, तर ‘ब’ ४७, ‘क’ ४१, ‘अ’ ३४ व ‘ड’ १९ असा निकाल लागतो आणि ‘ब’ विजयी होतो. हे पाहून ‘क’ आणि ‘ड’ यांच्या समर्थकांनीही फक्त आपापल्या उमेदवारासमोर खूण केली, तर आकडे पुन्हा ३४, २५, २२, १९ होतात आणि तिन्ही गटांना नको असलेला ‘अ’ निवडून येतो. अर्थात, अनेकांना अनुमोदन देण्याची मुभा असली तरी मतदार ती वापरतात की नाही, यावरच या पद्धतीचे यश अवलंबून असते.

## इतिहास

### पूर्वरूपे

एकाहून अधिक उमेदवारांना होकार देण्याची कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात ‘दोजे’ या सर्वोच्च पदाधिकाऱ्याची निवड १२६८ पासून एका गुंतागुंतीच्या प्रक्रियेने होत असे. तिच्या अखेरच्या टप्प्यात ४१ निर्वाचक असत. ते प्रत्येक उमेदवाराबाबत स्वतंत्रपणे अनुकूल वा प्रतिकूल मत देत आणि निवडून येण्यासाठी किमान २५ अनुकूल मते लागत.

ग्रीसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संसदीय निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी असे. पेटीचे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन कप्पे असत. मतदार प्रत्येक पेटीत शिशाची एक गोळी टाकून आपले मत नोंदवीत असे.

### अमेरिकेची १८०० ची निवडणूक

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेनुसार प्रत्येक निर्वाचकाला राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन समान मते असत. सर्वाधिक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष व दुसरा उपराष्ट्राध्यक्ष होई. ही पद्धती अनुमोदन मतदान नव्हे, कारण मतांची संख्या दोन अशी ठरलेली होती. तथापि दोन्ही मतांचे मूल्य समान असल्याने तिच्यात अनुमोदन मतदानासारखीच एक अडचण होती.

१८०० मध्ये एकाच पक्षाचे थॉमस जेफरसन आणि एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते मिळाली. जॉन ॲडम्स यांना ६५ मते होती. जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्ष व्हावे आणि बर यांनी उपराष्ट्राध्यक्ष, असा पक्षाचा हेतू होता. परंतु तो हेतू मतपत्रिकेवर नोंदवण्याची सोय नव्हती. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि ३६ वेळा मतदान झाल्यावर १७ फेब्रुवारी १८०१ रोजी जेफरसन निवडले गेले. पुढे १८०४ मध्ये संमत झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगळे मतदान सुरू झाले. अनुमोदन मतदानाचे टीकाकार या घटनेचा आधार घेऊन ‘बर पेच’ अशी संज्ञा वापरतात.

### आधुनिक मांडणी

१९७० च्या दशकात अनेक अभ्यासकांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे ही पद्धती मांडली. राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन ब्राम्स आणि गणितज्ञ पीटर फिशबर्न यांनी १९७८ मध्ये तिचे शास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केले व १९८३ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मतदाराच्या मनात उमेदवारांचे ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ असे केवळ दोनच वर्ग असतील, तर खरे मत देणे हेच त्याच्या हिताचे असते, असे त्यांनी सिद्ध केले. वर्ग दोनहून अधिक असतील तर ही हमी राहत नाही. तरीही आपल्या सर्वांत आवडत्या उमेदवारासमोर खूण केल्याने मतदाराचे नुकसान होत नाही, हा गुण कायम राहतो. एकच मत देण्याच्या पद्धतीत तो आढळत नाही.

## ओर्से येथील प्रयोग

फ्रान्सच्या २००२ मधील वर उल्लेखिलेल्या पहिल्या फेरीच्याच दिवशी पॅरिसजवळील ओर्से या शहरात आणि गी-ले-नोनॅं या लहान गावात अनुमोदन मतदानाचा प्रयोग करण्यात आला. मिशेल बालिन्स्की, ज्याँ-फ्रांस्वा लास्लिए, रिदा लाराकी आणि कारीन व्हान देर स्ट्रातेन हे अभ्यासक त्यात सहभागी होते. अधिकृत मतदान करून बाहेर येणाऱ्या मतदारांना त्याच १६ उमेदवारांची दुसरी मतपत्रिका देऊन हवी तितकी अनुमोदने नोंदवण्यास सांगितले गेले. सहभाग ऐच्छिक व गुप्त होता.

अडीच हजारांहून अधिक मतदारांनी त्यात भाग घेतला. त्यांनी प्रत्येकी सरासरी तीनहून अधिक उमेदवारांना अनुमोदन दिले. संधी मिळाल्यास मतदार एकाच खुणेवर थांबत नाहीत, असे या प्रयोगातून दिसले. फ्रांस्वा बायरू, शव्हेनमाँ अशा उमेदवारांचा पाठिंबा अधिकृत मतांच्या तुलनेत बराच जास्त असल्याचे आढळले. ल पेन यांच्या बाबतीत ही वाढ तुलनेने कमी होती.

दोन्ही ठिकाणे संपूर्ण फ्रान्सचे प्रातिनिधिक नमुने नव्हती. शिवाय या मतांचा निकालावर परिणाम होणार नाही, हे मतदारांना ठाऊक होते. त्यामुळे या प्रयोगावरून राष्ट्रीय निकाल काय लागला असता, असा निष्कर्ष काढता येत नाही. २००७ व त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांतही फ्रान्समध्ये असे प्रयोग झाले.

## प्रत्यक्ष वापर

फार्गो (नॉर्थ डकोटा): नोव्हेंबर २०१८ मध्ये या शहरातील मतदारांनी जनमत चाचणीद्वारे अनुमोदन मतदान स्वीकारले. जून २०२० मध्ये शहर आयोगाच्या निवडणुकीत त्याचा प्रथम वापर झाला. २०२३ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केलेले बंदीचे विधेयक राज्यपालांनी परत पाठवले. २०२५ मध्ये मात्र राज्यात अशा पद्धतींवर कायद्याने बंदी घालण्यात आली.

सेंट लुईस (मिसूरी): २०१७ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत विजयी उमेदवाराला एक तृतीयांशापेक्षा कमी मते होती आणि आघाडी केवळ ८८८ मतांची होती. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी नवी पद्धती स्वीकारली. तीनुसार प्राथमिक फेरीत अनुमोदन मतदान होते आणि पहिल्या दोन उमेदवारांत अंतिम लढत होते. मार्च २०२१ मध्ये चार उमेदवारांना अनुक्रमे सुमारे ५७, ४६, ३९ व १४ टक्के अनुमोदन मिळाले. पहिल्या क्रमांकावरील टिशौरा जोन्स एप्रिलमध्ये महापौर झाल्या. २०२५ मध्ये कारा स्पेन्सर यांनी प्राथमिक फेरीत सुमारे ६८ टक्के अनुमोदन मिळवले व अंतिम लढतीत जोन्स यांचा पराभव केला.

संयुक्त राष्ट्रे: महासचिवाच्या निवडीपूर्वी सुरक्षा परिषदेत अनौपचारिक चाचणी मतदान होते. सदस्य प्रत्येक उमेदवाराविषयी ‘प्रोत्साहन’, ‘निरुत्साह’ किंवा ‘मत नाही’ असे नोंदवतात. २०१६ मध्ये आंतोनियो गुतेरेस यांना सहाव्या चाचणीत १३ प्रोत्साहने मिळाली आणि निरुत्साह एकही नव्हता. या प्रक्रियेत कायम सदस्यांना नकाराधिकार असल्याने ती शुद्ध अनुमोदन मतदान ठरत नाही.

विद्वत्संस्था: अमेरिकेतील गणित व संख्याशास्त्र या विषयांच्या काही संस्था आपले पदाधिकारी या पद्धतीने निवडतात. विद्युत अभियंत्यांच्या ‘आय-ट्रिपल-ई’ या संस्थेने १९८७ मध्ये ती स्वीकारली होती, परंतु २००२ मध्ये सोडून दिली.

## पसंतीक्रम मतदानाशी तुलना

भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूक राज्यघटनेच्या अनुच्छेद ५५ नुसार एकल संक्रमणीय मताने होते. मतदार, म्हणजे संसद व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतात. आवश्यक मतमूल्य कोणालाच न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार वाटल्या जातात.

१९६९ ची निवडणूक या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. तीत १५ उमेदवार होते. प्रमुख तिघांत माजी अर्थमंत्री व रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा समावेश होता. विजयासाठी ४,१८,१६९ इतके मतमूल्य आवश्यक होते.

| उमेदवार | पहिल्या पसंतीचे मतमूल्य | अंतिम मतमूल्य |
|---|---|---|
| व्ही. व्ही. गिरी | ४,०१,५१५ | ४,२०,०७७ |
| नीलम संजीव रेड्डी | ३,१३,५४८ | ४,०५,४२७ |
| चिं. द्वा. देशमुख | १,१२,७६९ | बाद |

पहिल्या मोजणीत गिरी आणि रेड्डी यांच्यात सुमारे ८८ हजारांचे अंतर होते. इतर उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजल्यावर ते १५ हजारांच्या आत आले. एकच पसंती मोजली असती तर मतदारांच्या मनातील ही जवळीक उघड झाली नसती.

पसंतीक्रम आणि अनुमोदन या दोन्ही पद्धती मतदाराला एकाहून अधिक उमेदवारांविषयी बोलू देतात, पण दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. पसंतीक्रमातून ‘कोण कोणापेक्षा बरा’ हे कळते. दुसरी पसंती मिळालेला उमेदवार मतदाराला खरोखर मान्य आहे, की नाइलाजाने लिहिलेला आहे, हे कळत नाही. अनुमोदनातून ‘कोण मान्य’ हे कळते, परंतु मान्य असलेल्यांपैकी अधिक प्रिय कोण, हे कळत नाही. मोजणीच्या दृष्टीने अनुमोदन मतदान सोपे आहे. पसंतीक्रमात प्रत्येक टप्प्यावर सर्व मतपत्रिकांचा एकत्रित विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांत मतदार एकाहून अधिक मते देतो. ते अनुमोदन मतदान नव्हे. तेथे जागा अनेक असतात आणि प्रत्येक जागेसाठी मत एकच असते.

## टीका आणि मर्यादा

* सीमारेषेचा प्रश्न: कोणापर्यंत ‘मान्य’ म्हणायचे, हे प्रत्येक मतदार स्वतः ठरवतो. मतदारांच्या आवडीनिवडी तशाच राहूनही ही रेषा वर-खाली सरकली तर विजेता बदलू शकतो. गणितज्ञ डोनाल्ड सारी यांनी या अनिश्चिततेवर विशेष भर दिला आहे.
* एकाच खुणेची प्रवृत्ती: आपल्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला मदत होईल या शंकेने मतदार एकच खूण करू लागले, तर ही पद्धती प्रचलित पद्धतीसारखीच होऊन बसते.
* बहुमताचा पहिला आवडता पराभूत होण्याची शक्यता: निम्म्याहून अधिक मतदारांचा पहिला आवडता उमेदवारही, दुसरा कोणी अधिक मतदारांना मान्य असेल तर, हरू शकतो. काहींना हा दोष वाटतो, तर सर्वमान्य उमेदवार निवडला जाणे हाच पद्धतीचा हेतू असल्याचे समर्थक म्हणतात.
* गुळमुळीत भूमिकेला प्रोत्साहन: कोणालाच न दुखावणारा उमेदवार पुढे जाईल, अशी भीती व्यक्त केली जाते. उलट, कट्टर गटाच्या बळावर निवडून येणे अवघड होईल व उमेदवार परस्परांच्या समर्थकांशी सौजन्याने वागतील, असा प्रतिवाद केला जातो.

तीन किंवा अधिक पर्याय असताना सर्व इष्ट गुण असणारी व डावपेचांपासून पूर्ण मुक्त अशी निवडणूक पद्धती असू शकत नाही, हे केनेथ ॲरो (१९५१) व त्यानंतर ॲलन गिबर्ड आणि मार्क सॅटरथ्वेट यांच्या सिद्धांतांतून स्पष्ट झाले आहे. म्हणून पद्धतींची तुलना करताना कोणता दोष अधिक सुसह्य आहे, असाच विचार करावा लागतो.

## राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत अवलंबण्याचे प्रश्न

उमेदवारांची गर्दी रोखण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे उमेदवारीच अवघड करणे. फ्रान्समध्ये १९७६ पासून उमेदवाराला ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात. भारतात १९७४ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारासाठी दहा सूचक व दहा अनुमोदक आवश्यक करण्यात आले आणि १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी ५० व अनामत रक्कम १५,००० रुपये झाली. अशा अटींनी मतपत्रिका आटोपशीर होते, पण मतदारासमोरील पर्यायही कमी होतात. अनुमोदन मतदानात जास्त उमेदवार असले तरी ते परस्परांची मते खात नाहीत. त्यामुळे या अटी शिथिल करणे शक्य होते, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

अमेरिकेत अडचण वेगळी आहे. तेथे राष्ट्राध्यक्ष निर्वाचक मंडळाद्वारे निवडला जातो. एखाद्या राज्याने अनुमोदन मतदान स्वीकारले तरी त्या राज्यातील अनुमोदनांची बेरीज इतर राज्यांतील एकेरी मतांशी करणे योग्य ठरत नाही, कारण दोन्ही आकड्यांचे एकक वेगळे असते. शिवाय वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे उमेदवार विजयी होऊन २७० निर्वाचक मते कोणालाच न मिळाल्यास निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो.

पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांत ही पद्धती आणणे तुलनेने सोपे मानले जाते. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी १७ प्रमुख इच्छुक होते. त्यांतील काहींनी माघार घेतल्यानंतरही साउथ कॅरोलायना राज्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे ३२.५ टक्के मतांवर राज्यातील सर्व ५० प्रतिनिधी जिंकले. उरलेल्या दोन तृतीयांश मतदारांना ते मान्य होते की अमान्य, हे त्या मतपत्रिकांवरून सांगता येत नाही. मान्य असतील, तर अनुमोदन मतदानातही तेच विजयी झाले असते आणि त्यांचा विजय अधिक निर्विवाद ठरला असता. नसतील, तर निकाल वेगळा लागला असता. राष्ट्राध्यक्षासारख्या पदासाठी हा फरक मतदानाच्या दिवशीच स्पष्ट व्हावा, हा अनुमोदन मतदानाच्या समर्थनातील मुख्य मुद्दा आहे.

## हेही पाहा

* एकल संक्रमणीय मत
* भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूक
* दोन फेऱ्यांची निवडणूक पद्धती
* ॲरोचा अशक्यता सिद्धांत
* वरीलपैकी कोणीही नाही (नोटा)